पायरीवरचं राखाडी

प्रिय घुम्या,

ज्यांच्या आईने नळ रंगवला, नळाखालची बादली रंगवली, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सकाळची, दुपारची आणि दिवे लागतानाची अशी तिन्ही वेळांची रंगवली, पण पोटची पोरं मात्र जन्मात एकदाही रंगवली नाहीत, अशा तमाम मुलांनो! सभेला दोघेच हजर आहेत, तू आणि मी, तरी सवयीने आवाज चढतोच बघ. आपलं गाऱ्हाणं जुनं आहे. शाळेत असताना आपण दोघांनी मोर्चाच नेला होता आईवर, ओट्यापर्यंत. आमचं चित्र काढ म्हणून. हातातला ब्रश न ठेवता ती म्हणाली होती, "माणसं हलतात. टाकी हलत नाही." बाबा हसले, तू रुसलास, आणि मी त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं. तेव्हापासून तू घुम्या आणि मी भोंगा.

पत्र लिहितेय, कारण तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मी बोलायला लागले की फोन टेबलावर पालथा ठेवून चहा करायला जातोस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तर आज आधी चहा करून घे आणि मग वाच. गेल्या आठवड्यात जे झालं त्याने मी मुळापासून हादरले आहे. पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या तेव्हा इतकी हादरले नव्हते. एका दमात सांगून टाकावं असं वाटतंय, पण क्रमाने सांगते, नाहीतर माझ्यासारखाच तुलाही तो धक्का तोंडावर बसेल.

आईचं प्रदर्शन होतं. एकटीचं नव्हे, तिघांचं. जुन्या गोदामाला चुना फासून दालन केलंय, तिथे. एक आपले पाटीवाले काका. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, छापील पाट्या आल्या तसं काम गेलं, आणि आता ते बंद दुकानांची शटरं रंगवतात. गंजलेली, पोचे आलेली, पोस्टर फाडल्यावर राहिलेल्या खळीसकट. दुसरी एक दवाखान्यात काम करणारी मुलगी. ती बसची वाट बघता बघता थांब्यावरची डबकी रंगवते, आणि त्या डबक्यांत उलटी उभी असलेली माणसं. आणि तिसरी आई, मागच्या अंगणासकट. मला या लोकांचं फार वाटतं रे. शतकानुशतकं चित्रकारांनी राजे रंगवले, त्यांचे घोडे रंगवले, घोड्यांची खोगिरंसुद्धा रंगवली, आणि ज्या नळावर अख्ख्या गल्लीचं आयुष्य भरलं त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. ज्याला आपल्या दारातलं डबकं दिसत नाही त्याने देशाबद्दल बोलू नये, असं मी कुठल्याही व्यासपीठावर छातीठोकपणे सांगते. म्हणून उद्घाटनाला मी बोलावं असं ठरलं. आई एवढंच म्हणाली, "थोडक्यात बोल. लोकांना चित्रंही बघायची असतात."

आता चित्रांबद्दल. तिची नवी चित्रं तू बघितलेली नाहीस. दोन वर्षांपूर्वी तिच्या विजेच्या खांबांना बाक यायला लागला, तारा लहरायला लागल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, आईच्या चित्रात वारा दिसतो. मग या वर्षी काहीतरी निराळंच सुरू झालं. चित्राच्या कडा अगदी नेहमीच्या: भिंतीवरचं शेवाळं, वाळत घातलेली चादर, टाकीचं झाकण. पण मध्यभागी एक राखाडी डाग. रंग सांडल्यासारखा नव्हे, मन लावून रंगवलेला. जिथे टेकडी असायला हवी तिथे टेकडी नाही, राखाडी. तुला माहीतच आहे, आपल्या मागची टेकडी खडीसाठी पोखरतायत, आणि तिच्यासाठी मी वर्षभर घसा फोडतेय. मला वाटलं, आईने माझी लढाई हातात घेतली! कधी एक घोषणा न दिलेली माझी आई ब्रशने बोलायला लागली. मी अक्षरशः हुरळून गेले.

पण चित्रं टेकडीचीच नव्हती. एकात नळ नव्हता, बादलीवर पडणारी धार तेवढी होती. एकात चादर होती आणि चादरीचा मधला भाग नव्हता. शहाण्या माणसाने तिथे थांबून विचारलं असतं, आई, नळ कुठे गेला? मी विचारलं नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं ना! मी व्यासपीठावर उभी राहिले आणि म्हणाले, टेकडी खाणारे हात आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले आहेत, त्यांनी आपला नळ नेला, आपली चादर नेली. शेवटी एका चित्राकडे बोट केलं. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या, आणि मधल्या पायरीवर उभट राखाडी. मी आवाज खाली आणला, तू ज्याला माझा रडका सूर म्हणतोस तो लावला, आणि विचारलं, सांगा, ही पायरी कोणाची? कामावर गेला आणि परत आलाच नाही त्याची! टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या समीक्षकांनी चष्मा काढून पुसला. आई भिंतीकडेच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्याच्या जरा बाजूला, पडद्याकडे बघत होती. मनात आलं, आज तरी बघायचंस बाई. लेक तुझ्याबद्दल बोलतेय.

मग त्या समीक्षकांनी तिला अदबीने विचारलं, बाई, या पोकळीमागे काय विचार आहे? आई म्हणाली, "पोकळी कसली? दिसलं तसं काढलं. मधे मला दिसत नाही." सगळं दालन हसलं. काय हजरजबाबी आहेत, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसले, घुम्या. सगळ्यांत मोठ्याने हसले, माझा आवाज तुला माहीत आहे. आणि हसता हसता मधेच मनात आलं, आपली आई विनोद कधी करते? तिने जन्मात एक उपमा दिली नाही. उकडतंय म्हणजे उकडतंय आणि मीठ कमी म्हणजे मीठ कमी. जी बाई जसं आहे तसंच बोलते, ती आज भर सभेत कोडं का घालेल?

लोक पांगले. मी तिला हात धरून दाराकडे नेत होते. ती एका चित्रापाशी थांबली, तेच पायऱ्यांचं. मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी, तिने ते चित्र बघितलं आणि मला विचारलं, "हे टाकीचं का गं?"

स्वतःचं चित्र. हाताच्या अंतरावर. पाटीवाले काका जवळच उभे होते. त्यांनी मान खाली घातली, आणि त्या खाली घातलेल्या मानेवरून मला कळलं की यांना माहीत आहे. त्यांना मी कोपऱ्यात घेतलं. गेलं वर्षभर आईच्या रंगांच्या नळ्या तेच ओळीने लावून देतात, पांढरा डावीकडे, काळा अगदी उजवीकडे, म्हणजे नळीवरचं नाव वाचायला नको. मला का नाही सांगितलं म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "तिने शपथ घातली होती. शपथ मोडून तुझं भाषण ऐकायचं, त्यापेक्षा मला शपथ पाळणं सोपं वाटलं." काय बोलणार या माणसाला!

घरी आल्यावर आई खुर्चीत बसली आणि अगदी शांतपणे, नळाची गळती सांगावी तसं सांगितलं. आधी सरळ रेघा वाकल्या. मग मधोमध धुरकट झालं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच जातं. नळाकडे बघितलं की नळ नाही, बादली आहे. बादलीकडे बघितलं की बादली नाही. "तुझ्याकडे बघितलं की तुझे कपडे दिसतात, केस दिसतात. तोंड नाही. जरा बाजूला बघितलं की तोंड दिसतं, पुसट." मला आठवलं, गेल्या वर्षी ती म्हणाली होती, न्हाणीघरातल्या फरशा वाकल्यात, गवंडी बोलव. मी बोलावला, आणि पाणसळ लावून सपाटी बघायच्या आधीच त्याच्यावर अशी काही बरसले की बिचारा म्हणाला, हो बाई, थोड्या वाकड्याच आहेत. सरळ बसवलेल्या फरशा त्याने उखडल्या आणि पुन्हा सरळ बसवल्या. आईने आत जाऊन बघितलं, बाहेर आली आणि म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, बघ, माझ्या एका आवाजात काम झालं! फरशा अजूनही वाकड्याच दिसतात हे तिने मला सांगितलं नाही. कसं सांगणार? मी ऐकायला थांबते कुठे?

लपवलंस का, म्हणून विचारलं. आधी म्हणाली, वयाचं असेल. मग म्हणाली, तू सभा भरवली असतीस. आणि मग जे म्हणाली ते ऐकून मला हसावं की डोकं आपटावं कळेना. म्हणाली, "आणि मला बघायचं होतं, दिसत नाही ते रंगवता येतं का." अरे, ती तो डाग रंगवायला शिकत होती! तो नुसता राखाडी नाही म्हणे. भिजलेल्या कापसासारखा आहे आणि कडेला किंचित जांभळा. "तो जांभळा अजून जमला नाही मला." डोळे चाललेत, आणि बाईला चिंता कशाची, तर डोळे जाण्याचा रंग नीट उतरला नाही याची. आणि लोक तिच्यासमोर उभे राहून पोकळी, शून्य, निषेध म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती तिची स्वतःची मुलगी. चित्रात काय आहे ते जगात एकट्या तिने सरळ सांगितलं, तर आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई आहे, आपल्या वयाहून लहान. तिने चौकटी-चौकटीचा कागद पुढे ठेवून विचारलं, रेघा कशा दिसतात? आईने तिच्याच टेबलावरची पेन्सिल उचलली आणि दिसत होत्या तशा काढून दाखवल्या, बाक, डाग, डागाची कड, सगळं. डॉक्टरबाई बघतच राहिली. म्हणाली, माझी यंत्रं जे दाखवतात ते तुम्ही हाताने काढलंत. मग तिने खुर्ची जवळ ओढली, आणि डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली की काय ते तुला बाबांच्या वेळेपासून माहीत आहे. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलं. डाव्यात डाग अजून लहान आहे, पण आत झिरपतंय आणि तो वाढतोय. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. गेलेलं परत येणार नाही, पण आत्ता सुरू केलं तर आहे ते बहुतेक टिकेल. थांबलो तर बाजूला बघून जे पुसट तोंड दिसतं तेही जाईल. या शुक्रवारी सकाळची वेळ दिली आहे.

आई नाही म्हणाली.

मी काय काय केलं ते विचारू नकोस. युक्तिवाद केले, दाखले दिले, रडले, टेबलावर हात आपटला. हजारोंना उन्हात उभं करणारी मी एका म्हातारीला एका खुर्चीत बसवू शकले नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुई डोळ्यात जाणार. बरं होईल, बिघडेल, कोणी सांगावं? त्याच्या आधी मला एक चित्र पुरं करायचंय." कोणतं, तर म्हणाली, पायऱ्यांचं.

आता नीट वाच, घुम्या. माझ्यासाठी एवढं कर, ही ओळ सोडून पुढे जाऊ नकोस.

तू मागच्या वेळी आला होतास ना, तुमचं लग्न मोडल्याचं सांगायला, त्या दुपारबद्दल बोलतेय. जन्मभर मुका राहिलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, आणि बोलतच राहिला. आणि आई तुझ्या कानाच्या मागे फळीवर ठेवलेल्या डब्याकडे बघत राहिली. तू वाक्य अर्धवट टाकून उठलास. मागच्या पायरीवर बसून बूट घातलेस आणि गेलास. मला फोनवर म्हणालास, "माझा संसार तिला त्या डब्याइतकासुद्धा महत्त्वाचा वाटला नाही, ताई." आणि मी तुझ्या बाजूने उभी राहिले, तावातावाने. म्हणाले, बरोबर आहे तुझं, आयुष्यभर ती वस्तूंकडेच बघत आलीय. त्या दिवसापासून तू या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस.

मी तिला विचारलं, डब्याकडे का बघत होतीस? तिला प्रश्नच कळला नाही. "डबा? कुठला डबा? मी त्याच्याकडे बघत होते," म्हणाली. "सरळ बघितलं की तो जात होता. म्हणून बाजूला बघत होते. गाल बसलेत त्याचे. दाढी नीट केली नव्हती. बोलताना उजवा खांदा वर नेतो, अगदी ह्यांच्यासारखा." तू बोललास त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ आहे. तू जिथे तोडलंस ते वाक्यही तिने मला अर्धंच म्हणून दाखवलं, आणि विचारलं, पुढे काय म्हणणार होता तो, तुला सांगितलं का?

तू पायरीवर बूट घालायला बसलास तेव्हा ती खिडकीत उभी होती. हाक मारायची म्हणून नव्हे. हाक मारली असती तर तू हलला असतास. तू गेल्यावर तिने लगेच कागद काढला. तीन पायऱ्या, भिंतीवरचं शेवाळं, बाजूला उपडी बादली. आणि तुझ्याकडे ती सरळ बघत होती रे, टक लावून, डोळाभर. म्हणून तू नाहीस. मधल्या पायरीवरचं ते उभट राखाडी तू आहेस. आपलं कधी चित्र काढलं नाही म्हणून ज्या आईवर आपण मोर्चा नेला, तिने तुझं चित्र काढलं, ते भिंतीवर टांगलं, मी शेकडो लोकांसमोर त्याच्याकडे बोट केलं, आणि मला माझा भाऊ ओळखता आला नाही. दालन चालवणाऱ्या बाई सांगत होत्या, ते चित्र घ्यायला दोघेजण तयार आहेत. आई म्हणाली, देणार नाही, ते अर्धं आहे.

मला शब्दांची कधी कमतरता पडली नाही, आज पडते आहे. तेव्हा थोडक्यात सांगते, आईने सांगितलं होतं तसं. चित्र पुरं झालं तरच शुक्रवारी ती त्या खुर्चीत बसणार आहे, आणि तुझ्यावाचून ते पुरं होणार नाही. मी बदली बसते म्हटलं तर म्हणाली, तुझा खांदा वर जात नाही. माझ्या भाषणाचा जिथे उपयोग नाही असं जगात एकच काम निघालं, आणि ते तुझं आहे. गुरुवारी सकाळी ये, ऊन भिंतीवर यायच्या आत. काही बोलायला नको, तेच बूट घालून मागच्या दाराच्या मधल्या पायरीवर बस. आई खिडकीत येईल आणि तुझ्या कानापलीकडे बघायला लागेल. तेव्हा हलू नकोस.

तुझीच,
भोंगा